घरच्या राउटरची वही आणि गाळणी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या भागातली वीज तीनदा गेली. सकाळी मी घरच्या राउटरची नोंद उघडून पाहिली, तेव्हा तिच्यातली पहिली ओळ १ जानेवारी १९७० ची निघाली. त्या तारखेला आमच्या घरात साधा टेलिफोनसुद्धा आलेला नव्हता. राउटर बिघडला होता असे मात्र नाही. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसते. त्यामुळे वीज गेली की राउटर वेळ विसरतो आणि पुन्हा चालू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत युनिक्स कालगणनेच्या आरंभापासून, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजू लागतो. माझ्या राउटरला ती खरी वेळ मिळालीच नाही, कारण वेळ कोणाकडून घ्यायची हे मी त्याला सांगितले नव्हते. आदल्या रात्रीच्या ओळी तर शिल्लकच नव्हत्या. त्या तात्पुरत्या मेमरीत होत्या आणि विजेबरोबर गेल्या.

नोंद ठेवणे हा प्रकार किती कच्च्या पायावर उभा असतो, हे मला त्या सकाळी कळले. राउटरच्या पानावर ‘सिस्टीम लॉग : चालू’ असे दिसत होते आणि तेवढ्यावर मी दोन वर्षे निश्चिंत होतो. मुलांसाठी लावलेल्या फिल्टरचीही थोडीफार तीच गत होती. तो कसा गळत होता हे पुढे येईलच. घरी राउटर आहे, थोडीफार सेटिंग बदलण्याची तयारी आहे, पण संगणक क्षेत्राशी व्यवसायाने संबंध नाही अशा वाचकासाठी सुरक्षेची नोंद आणि मजकुराची गाळणी या दोन्ही गोष्टी इथे एकत्र मांडतो आहे. एकत्र मांडण्याचे कारण असे की, नोंद नसेल तर गाळणी काम करते की नाही हे कधीच कळत नाही.

राउटरला काय दिसते

सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाकडे एक वही असते. कोण आले, कोणत्या फ्लॅटमध्ये गेले आणि किती वाजता, एवढे तो लिहितो. पिशवीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि वर जाऊन काय बोलणे झाले हेही नसते. राउटरची स्थिती नेमकी अशी आहे. आज बहुतेक सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे फोन आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर कुलूपबंद असतो. घरातल्या कोणत्या उपकरणाने, किती वाजता, कोणत्या नावाचा पत्ता विचारला, मग कोणत्या पत्त्याशी संपर्क केला आणि किती डेटा आला-गेला, इतके राउटरला कळते. त्या संकेतस्थळावर कोणते पान उघडले, काय शोधले, काय लिहिले, हे कळत नाही.

इतके लक्षात ठेवले तर राउटर विकताना केलेले अनेक दावे आपोआप बाजूला पडतात. पुष्कळ राउटरांत ‘कीवर्ड फिल्टर’ नावाचा एक रकाना असतो. त्यात एखादा शब्द लिहिला की तो शब्द असलेली पाने अडतील, अशी कल्पना. ही सोय मजकूर उघडा जात असे त्या काळातली आहे. कुलूपबंद मजकुरातले शब्द राउटरला वाचताच येत नसल्यामुळे आज तो रकाना जवळजवळ शोभेचा उरला आहे. शब्द वाचता येत होते तेव्हाही तो फारसा शहाणा नव्हता. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या शब्दगाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना खाती उघडू दिली नाहीत, कारण त्या गावाच्या नावाच्या मधोमध एक असभ्य इंग्रजी शब्द बसतो.

कोणत्या ओळी ठेवण्याजोग्या

नोंदी पाठवण्याची जी पद्धत जवळपास सर्व राउटर वापरतात तिचे नाव सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ई-मेल प्रणालीसाठी ती तयार केली आणि पुढे ती इतकी पसरली की २००९ मध्ये आरएफसी ५४२४ या दस्तऐवजात तिचे प्रमाणित रूप ठरवण्यात आले. या पद्धतीत प्रत्येक ओळीला ० ते ७ अशी तीव्रता असते. ० म्हणजे यंत्रणा कोलमडली, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे साधी माहिती आणि ७ म्हणजे फक्त दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाचा तपशील. आकडा जितका लहान, तितकी गोष्ट गंभीर. राउटरमध्ये ‘लॉग लेव्हल’ निवडताना ६ निवडावे. ७ निवडल्यास इतका पसारा होतो की कामाची ओळ सापडत नाही, आणि ४ निवडल्यास आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक ओळी लिहिल्याच जात नाहीत, कारण घरात नवे उपकरण जोडले जाणे ही राउटरच्या दृष्टीने साधी माहिती असते. तो इशारा मानला जात नाही.

नमुन्यासाठी एक ओळ जवळून पाहू. माझ्या राउटरवरून दुसऱ्या संगणकाकडे गेलेली ही ओळ देवनागरीत उतरवून घेतली आहे :

<३०> जुलै १४ २३:४७:०९ राउटर डीएनएसमास्क-डीएचसीपी: डीएचसीपीॲक १९२.१६८.१.१४३ डी६:२१:७ए:०४:९बी:५ई

सुरुवातीचा ३० हा आकडा दोन गोष्टी मिळून बनतो. ओळ यंत्रणेच्या कोणत्या भागातून आली, त्या भागाचा क्रमांक ८ ने गुणायचा आणि त्यात तीव्रता मिळवायची. पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवांचा क्रमांक ३ आहे. तीन आठे चोवीस आणि साध्या माहितीचे ६, असे ३०. पुढे वेळ आहे. त्यापुढे ओळ लिहिणाऱ्या प्रोग्रामचे नाव आहे. डीएनएसमास्क हा घरातील उपकरणांना पत्ते वाटणारा आणि नावांचे पत्ते शोधून देणारा छोटा प्रोग्राम पुष्कळ राउटरांत बसवलेला असतो. ‘डीएचसीपीॲक’ म्हणजे ‘हा घे तुझा पत्ता’. शेवटी दिलेला पत्ता आणि तो घेणाऱ्या उपकरणाचा मॅक क्रमांक, म्हणजे वायफायवर ते उपकरण ज्याने ओळखले जाते तो क्रमांक, आहे. थोडक्यात, १४ जुलैला रात्री पावणेबाराच्या सुमारास एक उपकरण आमच्या वायफायवर आले आणि त्याला १४३ क्रमांकाचा पत्ता मिळाला.

ही ओळ पाहून मी दचकलो होतो, कारण तो मॅक क्रमांक माझ्या यादीत नव्हता. पासवर्ड कोणाला तरी मिळाला असे धरून मी तो बदलायलाही निघालो होतो. मग दुसऱ्या अक्षराकडे लक्ष गेले. मॅक क्रमांकाचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो क्रमांक कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने स्वतःच तयार केलेला असतो. ॲण्ड्रॉइडच्या २०१९ मधील दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनच्या २०२० मधील आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी असा बनावट क्रमांक वापरतात. दुकानांत आणि विमानतळांवर कोणी आपला माग काढू नये, हा त्यामागचा हेतू. आमचा अनोळखी पाहुणा म्हणजे आईचा नवा फोन होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोनवर फक्त घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करून खरा क्रमांक वापरायचा, आणि राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये त्या क्रमांकासमोर कायमचा पत्ता व ओळखीचे नाव लिहायचे, असा नियम मी केला. ‘आईचा फोन’, ‘बैठकीतला टीव्ही’, ‘प्रिंटर’ अशी नावे दिल्यावर नोंद पहिल्यांदा वाचनीय होते.

दुसरा प्रकार बाहेरून दार ठोठावणाऱ्यांच्या ओळींचा. यात ‘ड्रॉप’, म्हणजे अडवले, हा शब्द, बाहेरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक, म्हणजे कोणते दार ठोठावले त्याचा आकडा, असतो. पहिल्यांदा ही यादी पाहणारा माणूस घाबरतो, कारण ठोठावणे अखंड चालू असते. पण ते बहुधा तुमच्यासाठी नसते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तेव्हाच चांगल्या जोडणीवरील एका संगणकावरून जुन्या पद्धतीच्या सर्व इंटरनेट पत्त्यांना पाऊण तासाच्या आत ठोठावून होत असे. आज असे ठोठावणारे असंख्य आहेत आणि ते सरसकट सगळ्यांची दारे वाजवत जातात. अडवलेल्या ओळी म्हणजे कडी लागलेली आहे याचा पुरावा समजावा. २३ क्रमांकाचे पोर्ट त्यांत वारंवार दिसते; ते टेलनेटचे, म्हणजे दुरून यंत्र चालवण्याच्या एका जुन्या पद्धतीचे दार आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने याच दारातून, ‘ॲडमिन-ॲडमिन’सारख्या साठाहून अधिक तयार नाव-पासवर्डच्या जोड्या लावून पाहत, असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर डाइन या कंपनीची नाव-पत्ता सेवा कोलमडवली. अमेरिकेतील अनेक बड्या संकेतस्थळांना त्या दिवशी लोक पोहोचू शकले नाहीत. मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहत असे. उपकरण बंद करून चालू केले की तो पुसला जाई, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत येई.

उलट, ज्यांची अशी यादी पूर्ण कोरी आहे त्यांनी लगेच स्वतःला सुरक्षित समजू नये. भारतात अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही अशा सामायिक फाटकाआड आहात. ठोठावणारे तुमच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून यादी कोरी. अशा घरात धोका आतूनच सुरू होतो : स्वस्त कॅमेऱ्यातून, टीव्हीवर बाहेरून आणून टाकलेल्या ॲपमधून, फोनवर आलेल्या लिंकमधून. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या गोष्टींची नोंद तिथे जास्त मोलाची.

तिसरा प्रकार राउटरच्या स्वतःच्या पानावर कोण शिरले आणि कोणती सेटिंग बदलली याचा. या ओळी थोड्या असतात, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या त्याच आहेत. डीएनएसचेंजर या जुन्या प्रकरणात चोरांनी लोकांच्या संगणकांतील आणि काही ठिकाणी राउटरांतील फक्त एक सेटिंग बदलली होती : नावांचे पत्ते कोणाला विचारायचे, ती. मग तुम्ही बरोबर नाव लिहिले तरी चोर सांगतील त्या पत्त्यावर जाणार. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने हे प्रकरण उघड केले, तेव्हा शंभरहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्यात सापडले होते. चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या सगळ्यांचे इंटरनेट त्याच क्षणी थांबले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. एका सेटिंगची ही ताकद ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपण गाळणी लावताना तीच सेटिंग वापरणार आहोत.

वही नीट बांधून घेणे

राउटरच्या पानावर जाण्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता लिहावा. नेमका पत्ता राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर असतो. पहिले काम पासवर्ड बदलण्याचे, आणि इंटरनेटच्या बाजूने राउटरचे पान उघडण्याची सोय चालू असेल तर ती बंद करण्याचे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही; ते केलेले नसेल तर बाकीचा लेख बाजूला ठेवून आधी ते करावे.

मग घड्याळ. ‘टाइम’ किंवा ‘एनटीपी’ नावाच्या पानावर भारतीय वेळ, म्हणजे अधिक साडेपाच तास, निवडावी आणि वेळ देणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग’ लिहावे. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा हा सर्व्हर आहे. दुसऱ्या रकान्यात ‘इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग’ चालेल. इथे एक गंमतशीर अडकित्ता आहे. काही नव्या राउटरांत नावांचे पत्ते कुलूपबंद मार्गाने विचारण्याची सोय असते, आणि त्या कुलपाचे प्रमाणपत्र तपासायला योग्य तारीख लागते. राउटर १९७० मध्ये असला तर प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते, म्हणून नावाचा पत्ता मिळत नाही, म्हणून वेळ देणारा सर्व्हर सापडत नाही, म्हणून राउटर १९७० मध्येच राहतो. वीज गेल्यानंतर ‘वायफाय आहे पण इंटरनेट नाही’ अशी तक्रार येत असेल, तर हे एक कारण असू शकते. उपाय म्हणून वेळ देणाऱ्या सर्व्हरांपैकी एक तरी नावाऐवजी थेट आकडी पत्त्याने लिहून ठेवावा. आणि बारा व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला लावावा. आपल्याकडे पावसाळ्यात त्याची किंमत पहिल्याच महिन्यात वसूल होते.

वही राउटरबाहेर नेण्यासाठी ‘रिमोट लॉग’ किंवा ‘सिसलॉग सर्व्हर’ असा रकाना शोधावा. त्यात घरातील दुसऱ्या, सतत चालू राहणाऱ्या यंत्राचा पत्ता आणि ५१४ हा पोर्ट क्रमांक भरायचा. ते यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक असू शकतो, घरात फाइली साठवण्याची पेटी असू शकते किंवा अडगळीत पडलेला, लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप असू शकतो. त्याचा पत्ता मात्र वर सांगितल्याप्रमाणे कायमचा करून ठेवावा, नाहीतर काही दिवसांनी राउटर रिकाम्या जागेला पत्रे पाठवत राहील. मूळ सिसलॉग साध्या पोस्टकार्डासारखा आहे : मजकूर उघडा, आणि पोहोचल्याची पावती नाही. घराच्या आत एवढे चालते. इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेकडे मात्र तो असा उघडा पाठवू नये.

ही जोडणी झाल्यावर मुद्दाम दोन खोड्या कराव्यात. राउटरच्या पानावर एकदा चुकीचा पासवर्ड टाकावा, आणि एका फोनचे वायफाय बंद करून चालू करावे. दोन्ही ओळी दुसऱ्या यंत्रावर योग्य वेळेसह उमटल्या तरच नोंद चालू आहे असे म्हणता येईल.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या पेटीत यांतले निम्मे रकाने दिसतच नाहीत, हा अनेकांचा अनुभव आहे आणि माझाही. अशा वेळी त्या पेटीशी झगडण्यापेक्षा तिच्यामागे स्वतःचा राउटर लावावा, घरातील सर्व उपकरणे त्यावर घ्यावीत आणि पेटीचे वायफाय बंद करावे. पेटीला मग सगळे घर एकाच पत्त्याने दिसते. कोणते उपकरण काय करते हे तुमच्या राउटरलाच कळते, म्हणून नोंद आणि गाळणी दोन्ही त्यावरच हवी.

गाळणी कुठे बसते

घरासाठी व्यवहार्य गाळणी एकच आहे, ती म्हणजे नावांच्या पातळीवरची. फोनला कोणत्याही संकेतस्थळावर जायचे असले की आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारावा लागतो. ही विचारणा म्हणजे डीएनएस. उत्तर देणारा जर नको असलेल्या नावांना ‘असा पत्ता नाही’ म्हणाला, किंवा ०.०.०.० असे निरुपयोगी उत्तर देऊ लागला, तर फोन तिथे पोहोचत नाही. असे गाळून उत्तर देणाऱ्या मोफत सेवा आहेत. क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी दोन पत्ते सुरू केले : १.१.१.२ हा घातक संकेतस्थळे अडवतो आणि १.१.१.३ त्याखेरीज प्रौढांसाठीचा मजकूरही अडवतो. ९.९.९.९ या पत्त्यावरची क्वाडनाइन सेवा २०१७ पासून फक्त घातक नावे अडवते. ओपनडीएनएसच्या फॅमिलीशील्डचे पत्ते २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ असे आहेत. राउटरच्या ‘डीएचसीपी’ किंवा ‘इंटरनेट’ पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस असे दोन रकाने असतात, तिथे हे पत्ते लिहायचे. काम दोन मिनिटांचे आहे.

आणि याच दोन मिनिटांत माझी चूक झाली होती. मी पहिल्या रकान्यात १.१.१.३ लिहिले आणि दुसऱ्यात, ‘पहिला बंद पडला तर असू द्यावा’ म्हणून, ८.८.८.८ हा गूगलचा न गाळणारा पत्ता. पण दुसरा रकाना राखीव खेळाडूसारखा बाकावर बसून राहत नाही; अनेक राउटर आणि उपकरणे दोघांनाही आळीपाळीने किंवा एकदमच विचारतात आणि आधी येईल ते उत्तर घेतात. परिणामी तेच संकेतस्थळ कधी अडायचे, कधी उघडायचे. मुलाने ते माझ्या आधी ओळखले होते, फक्त सांगितले नव्हते. दोन्ही रकान्यांत एकाच सेवेचे पत्ते हवेत, १.१.१.३ चा जोडीदार १.०.०.३ आहे.

दुसरी गळती आयपीव्ही६ ची. इंटरनेटची ही नवी पत्तापद्धती भारतात मोठ्या प्रमाणावर चालू आहे आणि राउटरमध्ये तिचे पान वेगळे असते. जुन्या पद्धतीच्या रकान्यांत गाळणी लावली आणि आयपीव्ही६ च्या पानावर कंपनीचेच डीएनएस राहिले, तर फोन निवांतपणे मागच्या दाराने विचारणा करतो. गाळणी देणाऱ्या सेवांचे आयपीव्ही६ पत्तेही त्यांच्या संकेतस्थळांवर दिलेले असतात. ते भरावेत, नाहीतर राउटरने त्या पद्धतीत डीएनएसचा पत्ता वाटणे तरी बंद करावे.

तिसरी गळती उपकरणाच्या स्वतःच्या हट्टाची आहे. काही टीव्ही आणि ॲप राउटरने सांगितलेला डीएनएस न मानता आपल्या आवडीच्या सर्व्हरला थेट विचारतात. साधी विचारणा ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते, म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे हे ठरवणाऱ्या भागात, नियम करून ५३ वरची प्रत्येक विचारणा स्वतःकडे वळवता येते; ओपनडब्ल्यूआरटीसारखी खुली प्रणाली असलेल्या राउटरांत हे सोपे आहे, स्वस्त राउटरांत बहुधा अशक्य. कुलूपबंद विचारणेचा एक प्रकार ८५३ वरून जातो, तोही अडवता येतो. ॲण्ड्रॉइड फोनमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय हाच मार्ग वापरते. ती ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर काही बिघडत नाही, कारण फोन राउटरने सांगितलेल्या सर्व्हरलाच विचारतो; पण त्या सोयीत दुसऱ्या सेवेचे नाव लिहिलेले असेल तर गाळणी वगळली जाते. मात्र २०१८ मध्ये प्रमाणित झालेला दुसरा प्रकार ४४३ या पोर्टवरून, म्हणजे नेहमीच्या संकेतस्थळांच्याच वाटेने जातो आणि गर्दीत मिसळतो. तो राउटरला वेगळा ओळखता येत नाही. फार तर अशा माहितीतल्या सर्व्हरांची यादी अडवता येते. व्हीपीएन, म्हणजे फोनची सगळी ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय, तिचेही तसेच. आणि मोबाइलचा डेटा चालू केला की राउटरचा संबंधच संपतो.

तेव्हा ही गाळणी चहाच्या गाळणीइतकीच आहे. चुकून समोर येणारे, जाहिरातीतून उघडणारे, फसव्या मेसेजमधल्या लिंकमागचे बरेचसे ती अडवते आणि लहान मुलांच्या घरात तेवढ्यानेही फरक पडतो. पंधरा वर्षांच्या, ठरवून शोधणाऱ्या मुलाला ती थांबवणार नाही.

वही वाचताना

डीएनएसच्या विचारणांची नोंद चालू केली तर दिवसाला हजारो ओळी जमा होतात, आणि ती चालू करण्याआधी दोनदा विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे. या नोंदीत घरातल्या प्रत्येकाचे खासगी आयुष्य नावानिशी उमटते : कोणी कोणत्या रुग्णालयाचे संकेतस्थळ पाहिले, कोण नवी नोकरी शोधते आहे, कोणी रात्री कोणत्या आजाराबद्दल वाचले. ती अर्थाचा अनर्थ करायलाही फार सोयीची आहे. नाव विचारले गेले म्हणजे माणूस तिथे गेला असे नसते. ब्राउझर पानावरच्या दुव्यांची नावे वाचणाऱ्याने बोट लावण्याआधीच विचारून ठेवतो. बातमीच्या एका पानामागे जाहिरातींची आणि मोजणी करणाऱ्यांची डझनभर नावे येतात. रात्री सव्वादोनला फोन स्वतःच जागा होऊन अपडेट तपासतो. ‘मुलाच्या फोनवरून अमुक नाव २.१५ ला’ ही ओळ मुलगा जागा होता याचा पुरावा ठरत नाही. आमच्या घरात या एका ओळीवरून सकाळी चांगलेच वाजले होते आणि शेवटी माफी मला मागावी लागली.

म्हणून माझी विभागणी अशी आहे. पत्ते वाटल्याच्या, फायरवॉलच्या आणि राउटरच्या पानावर शिरल्याच्या ओळी महिनाभर ठेवतो. डीएनएसच्या विचारणांपैकी फक्त अडवलेल्या विचारणा ठेवतो, त्याही आठवडाभर. रास्पबेरी पायवर चालणाऱ्या पाय-होलसारख्या नावे गाळणाऱ्या प्रोग्राममध्ये असे वेगळे पाहण्याची सोय आहे. पूर्ण नोंद एखाद्या उपकरणाचा संशय आला तरच, तेवढ्या उपकरणापुरती आणि तेवढ्या दिवसांपुरती. संगणक-सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवस नोंदी ठेवायला सांगितले आहे, तो नियम कंपन्या, इंटरनेट सेवा देणारे आणि सरकारी संस्था यांच्यासाठी आहे. घरांना तो लागू नाही आणि घराने त्याची बरोबरी करण्याचे कारणही नाही. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने व्यक्तीचा खासगी व घरगुती वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे, पण त्या सवलतीच्या आडोशाला बसून सासू-सुनेची किंवा भाडेकरूची विचारणा वाचू नये. वायफाय दुसऱ्याला वापरायला देत असाल तर काय लिहिले जाते ते आधी सांगावे, आणि पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे ठेवावे.

संशयास्पद काय, याची नजर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. प्रिंटर किंवा कॅमेरा दिवसभर मोजक्या तीन-चार नावांना विचारत असतो. त्याने एके दिवशी अर्थहीन अक्षरांची शेकडो नावे विचारायला सुरुवात केली, तर त्याची वायर काढावी आणि मग विचार करावा. न पाहिलेला खरा मॅक क्रमांक, राउटरच्या पानावर पहाटेचा प्रवेश, आपण न बदललेली डीएनएसची सेटिंग, या तिन्हींपैकी काहीही दिसले तर राउटर मूळ स्थितीला आणून नवीन पासवर्डने पुन्हा बसवावा. राउटर स्वतःहून ‘हल्ला’, ‘पोर्ट स्कॅन’ असे लाल अक्षरांत ओरडतो, त्याकडे मी फारसे पाहत नाही. उशिरा आलेल्या साध्या उत्तरालाही तो कधी कधी हल्ला म्हणतो. पैशांची फसवणूक झालीच तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करायचा. नोंद चाळत बसायला नंतर वेळ असतो.

एक काम शेवटी उरते, तेही मला अनुभवाने कळले. मी गावाला गेलो असताना गाळणीने मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचे संकेतस्थळ अडवले आणि घरात कोणालाच ती कशी काढायची हे माहीत नव्हते. शेवटी शेजाऱ्यांच्या वायफायवरून अर्ज भरला गेला. आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर राउटरचा पत्ता, पासवर्ड कुठे ठेवला आहे ती जागा, एखादे नाव गाळणीतून वगळण्याच्या तीन पायऱ्या आणि सगळेच बंद पडले तर डीएनएसच्या रकान्यात काय लिहायचे, एवढे बायकोच्या अक्षरात लिहिले आहे. माझ्या अक्षरातला पहिला कागद कोणाला वाचता आला नव्हता.